आत्याचा उजवा कान

माझ्या आत्याच्या गावात रानडुकरावर बार काढायचा कायदेशीर अधिकार एकाच माणसाला होता, आणि ते माणूस म्हणजे खुद्द आत्या. वय सत्तरीच्या घरात, उंची जेमतेम, डोईवरचा पदर जन्मात न ढळलेला. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, वारले तेव्हा शेत आणि दुनळी बंदूक दोन्ही तिच्या नावावर झाली. शेत तिनं गडी लावून केलं आणि बंदुकीचा परवाना न चुकता नवा करून घेतला. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. निवडणुका काय, आपल्याकडे एक सरली की दुसरी उभीच असते. त्यामुळे बंदुकीचं सासर ठाणं होतं आणि घरी ती सणासुदीला आलेल्या लेकीसारखी चार दिवस राहून जायची.

गाव वसमत तालुक्यातल्या हट्ट्याच्या अलीकडे, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालचं. उन्हाळी भुईमूग सगळ्यांचाच. त्या वर्षी डुकरांनी असा काही उच्छाद मांडला की वाफेच्या वाफे नांगरल्यासारखे दिसायचे. फटाके झाले, साड्यांची कुंपणं झाली, रात्रभर रेडिओ लावून झाला. डुकरं बातम्या ऐकत शेंगा खायची. शेवटी गावानं वनखात्याकडं अर्ज केला आणि परवानगी आली. परवानाधारकानं स्वतः, वनरक्षकाच्या समक्ष, आपल्या बंदुकीनं बार काढावा. परवानाधारक म्हणून गावानं आजूबाजूला पाहिलं, तर आत्या सुपात शेंगा पाखडत बसलेली.

आता इथं अडचण कानाची होती. आत्याचा डावा कान मामांच्याच एका बारानं गेलेला. मामा डुकरावर नेम धरून उभे आणि ही शेजारी बॅटरी धरून. डुक्कर वाचलं, हिचा कान गेला. काही वर्षांपूर्वी तिच्या लेकीनं तिला नांदेडला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले, उजवा कामापुरता आहे, जपा. एक मोठा आवाज झाला, तर उद्या फोनसुद्धा ऐकू यायचा नाही. आणि फोन हे आत्याचं सर्वस्व होतं. लेक तिकडं नाशिकला दवाखान्यात नर्स. ड्यूटी सुटली की रोज दिवेलागणीनंतर तिचा फोन यायचा. त्या वेळी आत्याच्या ओट्यावर गावातलं कुत्रंसुद्धा चढत नसे. उजवा कान म्हणजे लेक, असा साधा हिशोब होता. डुकरं मारायची, पण लेक राखायची.

वसमतला माझं औषधाचं दुकान आहे. आमच्या नात्यात मेडिकलवाला म्हणजे अर्धा डॉक्टर, आणि तोही फी न मागणारा. त्यामुळे फोन मलाच आला. 

"कानाचं काय ते तू बघ," आत्याचे थोरले दीर म्हणाले. "बंदुकीचं आमी बघतो."

थोरले दीर नव्वदीला टेकलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशनला नकार. घरात शब्द त्यांचाच चालायचा. त्यांना समोरचा माणूस दिसत नसे, पण समोरच्या माणसानं मान राखला की नाही हे त्यांना बरोबर कळायचं.

मी दुकानातले फोमचे बोळे घेऊन गेलो. नारिंगी रंगाचे, बोटाच्या पेराएवढे. हे बोटांनी वळून बारीक करायचे, कानाची पाळी वर ओढायची, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. एवढं मी ओट्यावर जमलेल्या गावाला समजावून सांगत होतो. तोवर थोरल्या दिरांनी हातात दिलेला बोळा तोंडात टाकून वर पाणी पिऊन टाकलं होतं. मेडिकलवाल्यानं दिलं म्हणजे गिळायचं, ही त्यांची आयुष्यभराची समजूत. त्यांना काहीही झालं नाही. उलट दुसऱ्या दिवशी पोट हलकं वाटतंय म्हणून त्यांनी आणखी एक मागितला.

"ह्यापरीस कापूस काय वाईट हाय?" शेजारच्या एकानं विचारलं. मी म्हणालो, कापसानं बंदुकीचा आवाज अडत नाही, नुसतं कानात काहीतरी आहे असं वाटतं. झालं! 

"कापसाच्या पैशावर शिकला आन आता कापसाला नावं ठिवून राहिला," थोरले दीर म्हणाले. 

मग त्यांच्या समाधानासाठी घरचा कापूस आणला गेला. तो सरकीसकट होता. सरकी आत्याच्या कानात अडकली, ती मी चिमट्यानं काढली, आणि त्या गडबडीत कापसाचा विषय मिटला.

मग गावातला डीजेवाला चाचा त्याचे मोठे हेडफोन घेऊन आला. गुबगुबीत, काळे, उशीसारखे. "हे घाला भाभीला. बाजूला बम फुटला तरी मालूम नै पडत," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. ते आत्याच्या कानांवर चढवले. तिच्यासमोर उकिडवा बसून चाचानंच विचारलं, "भाभी, आज वार कोणता?"

"बुधवार," आत्या म्हणाली.

चाचाचा चेहरा पडला. गाव हसलं. हेडफोन बाद.

इथून खरी चक्रं फिरायला लागली. मला राग आला होता आणि राग आला की मी खरेदी करतो. बंदुकीच्या आवाजासाठीच असतात ते कप, इअरमफ, मी मोबाइलवरून मागवले. आत्यानं त्यांना पाहताक्षणी 'टोपडं' म्हटलं आणि गावानंही तेच नाव धरलं. टोपडं चढवलं. मी समोर बसून हळूच विचारलं, "आत्या, भाजी कशाची केली?"

"शेवग्याची. घेऊन जाय थोडी."

टोपडं परत पाठवलं. तक्रारीत 'सदोष' असं लिहिलं. दुसऱ्या कंपनीचं मागवलं. ते जास्त जाड, खोक्यावर विमानतळाचं चित्र. विमानतळावरची माणसं म्हणे हेच घालतात. आत्यानं ते घालून माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली आणि वर माझ्या बायकोच्या पाठदुखीची चौकशी केली. तेही परत पाठवलं. कुरियरवाला आता मला पाहून हसायला लागला होता. मी त्याला विचारलं, काहून हसतो? तो म्हणाला, सायब, कोणाचे कान एवढे मोठे आहेत?

मध्येच पदराचा प्रश्न उपटला. टोपडं कातडीला घट्ट बसलं पाहिजे, मध्ये काही आलं की फटीतून आवाज शिरतो. केसाची बट, चष्म्याची काडी, काहीही. आत्याच्या डोईवर तर सहावारीचा काठपदर. टोपडं पदरावरून घातलं की फट राहायची. पदराखालून घातलं की पदर घसरायचा. आणि थोरल्या दिरांपुढं आत्या पदर घसरू द्यायची नाही, मग डुकरांनी गाव खाल्लं तरी बेहत्तर.

"अगं, त्यांना दिसत नाही," मी तिला म्हणालो.

"त्यान्ला न्हाई दिसत. मला तर दिसतंय की," आत्या म्हणाली.

मी थोरल्या दिरांना सांगून पाहिलं की बार काढताना तुम्ही घरात बसा. ते खवळले. "माझ्या भावाची बंदूक चालणार आन मी घरात बसू व्हय?" शेवटी दोघांच्या मानाची तडजोड झाली. थोरले दीर बार काढताना हजर राहतील, पण पाठ करून बसतील. ज्या माणसाला पुढचं दिसत नाही त्याचं तोंड मागं फिरवायला आम्हाला एक अख्खी संध्याकाळ लागली.

आणि मग तो वनरक्षकाचा दिवस आला. तिसरं टोपडं आलं होतं, सगळ्यांत महाग. बारीक सेलवर चालणारं. हळू आवाज आत येऊ देतं आणि मोठा आवाज झाला की दार लावून घेतं, असं खोक्यावर लिहिलेलं. ह्यालाही गावानं नापास केलं तर मी सगळं सोडून देणार होतो. वनरक्षक पाहणीला म्हणून मोटारसायकलवरून आला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. डोळे तेवढे उघडे, बाकी तोंडाला नाकापासून हनुवटीपर्यंत रुमाल. तो ओट्यावर आला आणि रुमाल न सोडताच म्हणाला, "मावशी, पाणी देता का जरा?"

आत्या त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"मावशी, पाणी," तो पुन्हा मोठ्यानं म्हणाला.

आत्या कसनुसं हसली आणि म्हणाली, "बसा की."

ओट्यावर एकच जल्लोष झाला. "जमलं! ह्ये टोपडं एक नंबर! काहीच आयकू न्हाई आलं!" चाचानं टाळी दिली. थोरल्या दिरांनी भिंतीकडं बघून मला शाबासकी दिली. वनरक्षकाला वाटलं आपलं स्वागत चाललंय, त्यानं हात जोडले.

टोपडं माझ्या हातात होतं. त्याचं सेलचं झाकण मी अजून उघडतच होतो. गावाला वाटलं ते पदराखाली चढलंय, पण आत्याच्या कानांवर काहीही नव्हतं.

मी झाकण लावलं आणि टोपडं खोक्यात ठेवून दिलं. इतके दिवस आम्ही तिच्यासमोर उकिडवे बसून, तिच्या डोळ्यांत डोळे घालून प्रश्न विचारत होतो आणि ती आमच्या ओठांवरून उत्तरं देत होती. चाचाचे हेडफोन चांगले होते. विमानतळाचं टोपडं चांगलं होतं. दोन चांगल्या कंपन्यांना मी सदोष ठरवलं होतं. सदोष होतो ते आम्ही, अर्धा डॉक्टर सगळ्यांत जास्त.

गाव पांगल्यावर ती चुलीपुढं बसली होती. मी तिच्या पाठीमागं उभा राहून तिला हाक मारली. मोठ्यानं मारली. मग ओरडलो. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. आत्या भाकरी थापत होती.

मी वळसा घालून समोर गेलो. तिनं माझं तोंड पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डावा गेला तो एकदम गेला. ह्यो हळूहळू गेला," ती म्हणाली. "आता झाली की दोनेक वर्षं."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तुमी समदे वरडून बोलायला लागले असते. वरडताना माणूस तोंड वाकडं करतं, मग मला काहीच कळत न्हाई."

मला हसू आलं, आणि लगेच फोनची आठवण झाली. फोनवर ओठ नसतात. मी तसं विचारलं. आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, उतरवली. मगच बोलली.

"फोन कानाला दाबून धरला ना, की आवाज घुमतो तिचा. शब्द न्हाई कळत. पण ती बोलून राहिली एवढं कळतं."

"आणि तू उत्तरं देतेस ती?"

"लांब घुमलं की म्हणायचं, बरं. आखूड घुमलं की म्हणायचं, मग? आन गप बसली की इचारायचं, जेवली का?" ती म्हणाली. "दोन वर्षांत एकदाबी अडलं न्हाई."

माझी ही आत्येबहीण नर्स आहे. रोज शेकडो माणसांशी बोलते. तिची आई दोन वर्षं तीन शब्दांवर तिच्याशी बोलत होती आणि तिला पत्ता नव्हता. मी म्हणालो, व्हिडिओवर बोल, तोंड दिसेल. आत्या म्हणाली, "मंग मी तिच्या तोंडाकडं टक लावून बसंन. तिला कळंल. ती नोकरी सोडून येईल, न्हाईतर मला उचलून घेऊन जाईल. मला हितंच राहायचंय."

"मग बार काढू नकोस. ती घुमघुमसुद्धा जाईल."

"न्हाई म्हणलं तर काहून म्हणतील. पुन्हा डॉक्टर, पुन्हा मशीन, पुन्हा तिला फोन. आन भुईमूग गेला तर ती म्हणंलच, आता काय ठिवलंय तिथं, चल इकडं." तिनं पीठ झटकलं. "टोपडं चांगलं हाय ना तुझं? मंग झालं."

टोपडं चांगलं आहे की नाही हे मला कसं कळणार होतं? जी काही परीक्षा घ्यायची ती तिच्या कानावर, आणि कान असा की परीक्षेतच खर्ची पडेल. बार काढायच्या आधीच्या दोन दिवसांत मी जेवढं वाचलं तेवढं फार्मसीच्या कॉलेजात वाचलं नसेल. नुसतं टोपडं पुरत नाही, आत बोळाही हवा, दोन्ही मिळून मोठा आवाज बराचसा मरतो. बोळा अर्धवट बसला तर फुकट. बंदुकीचा दस्ता गालाला लावला की टोपड्याचा कप वर उचलला जातो आणि नेमका त्याच क्षणी बार होतो. म्हणून मी तिच्याकडून परसात रिकामी बंदूक गालाला लावून घेतली, कप कुठं अडतो ते पाहिलं, आणि दस्ता खांद्यावर किती खाली धरायचा ते ठरवलं. बंदूक धरायची पद्धत मामांनी तिला कधी शिकवली होती देव जाणे, पण दस्ता खांद्यात रुतवून ती अशी उभी राहिली की मी दोन पावलं मागं सरलो.

बार काढायच्या संध्याकाळी बांधावर अर्धं गाव. थोरले दीर खुर्चीवर पाठ करून, तोंड कालव्याकडं. वनरक्षकाच्या हातात बॅटरी. मी आत्याची पाळी वर ओढून बोळे बसवले, बोट दाबून धरलं, फुगल्याची खात्री केली. आधी उजवा. मग डावाही, तो गेलेला असला तरी. का ते विचारू नका. वर टोपडं. त्यावरून पदर, आणि पदराला केसांच्या आकड्यांची रांग. चष्मा काढला. लांबचं तिला चष्म्यावाचून स्वच्छ दिसायचं. पदराखाली दोन्ही बाजूंनी दोन फुगे आल्यासारखी ती दिसत होती, पण कुणी हसलं नाही.

अंधारून यायला लागलं तशी डुकरं नाल्यातून वर आली. वनरक्षकानं बॅटरी मारली आणि आत्याच्या खांद्याला हात लावला. माझ्या मनात एकच विचार होता, कप हलू नये. मी डुकरांकडं पाहिलंच नाही, फक्त तिच्या उजव्या गालाकडं पाहत होतो. आणि बार झाला.

डुक्कर एकही लागलं नाही. सगळी उधळली आणि पळताना त्यांनी खाल्ला होता त्याच्या दुप्पट भुईमूग तुडवला. वनरक्षकाच्या एका हातात बॅटरी होती, त्यामुळे त्यानं एकच कान झाकला होता. पुढं बराच वेळ तो आमच्याशी एक खांदा पुढं करून, ओरडून बोलत होता. "डुकरं गेली का?" तो मलाच विचारायला लागला. थोरले दीर कालव्याकडं बघत म्हणाले, "उजवी नळी चालली. माझ्या भावाची डावी चांगली होती." गाव मात्र खूश होतं. एवढा मोठा बार कुणी ऐकला नव्हता म्हणे.

आम्ही घरी आलो. मी आकडे काढले, टोपडं काढलं, बोळे काढले. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी फोन काढून म्हणालो, मी लावतो तुला, कानाला धर, घुमतं का बघ.

तिनं माझा हात खाली केला. "नको. गेला असला तर तिच्याच आवाजानं कळू दे."

मला वाटलं ते असं की ह्या बाईला एका डुकरासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून बांधावर उभं केलं, आणि आता मी औषधं विकणारा माणूस हातात दोन फोमचे बोळे धरून उभा आहे. मला स्वतःचा, गावाचा, डुकरांचा, सगळ्यांचा राग आला.

दिवा लागला. ओटा रिकामा झाला. मी उंबऱ्याशी बसलो. फोन तिच्या हातात थरथरला, तिनं तो उजव्या कानाला दाबला.

"हां, बोल," ती म्हणाली. थोडं थांबून, "बरं." मग, "बरं." मग, "मग?"

मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. काही कळेना. ती रोजचंच बोलत होती. ऐकू आलं असतं तरी हेच बोलली असती, आलं नसतं तरी हेच. दोन वर्षं तिनं हा नाटकाचा पाठ असा घोटला होता की तिच्या तोंडावरून कुणालाच काही ओळखता येणार नव्हतं. तिनं विचारलं, "जेवली का?" पण ती जागा बरोबर होती की चूक, हे मला कुठून कळणार? "बरं," ती म्हणाली. "बरं."

मग ती थांबली. कपाळाला आठी पडली. तिनं फोन कानाला आणखी दाबला, कानापासून लांब धरून त्याच्याकडं पाहिलं आणि रागानं म्हणाली, "कटला मेला."

मी झटकन उठून तिच्या हातातला फोन पाहिला. खरंच कटला होता, म्हणजे घुमायचं थांबलेलं तिला कळलं होतं. आमच्या भागात रेंज अशीच, बोलता बोलता जाते. मला रडू फुटलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि त्या कटलेल्या फोनकडं आणि तिच्याकडं आळीपाळीनं बघत राहिलो.

"लाव की परत," आत्या म्हणाली. "माझ्या तोंडाकडं काय टक लावून बघून राहिला?"